साखर उपासाला चालते

म्हातारपण लांबवायला मी हल्ली सोळा तास उपाशी राहतो. आज शेजारून भगरीचा वास आला आणि गुडीहत्नूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

उपासाच्या एका सोमवारी आईनं सकाळी शुगरची गोळी घेतली, पण खाल्लं काहीच नाही. "गोळीनं का उपास मोडते?" म्हणाली. संध्याकाळी भगर ढवळताना ती चुलीपाशीच कोसळली. अंग घामानं थंडगार. मी साखर तोंडाशी नेली, तर तिनं ओठ घट्ट मिटले.

"आई, साखर उपासाला चालते," मी रडत म्हणालो, तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं. सावरल्यावर पुटपुटली, "तुह्याच आयुष्यासाठी करून राह्यली ना रे."

माझे अजून तीन तास बाकी आहेत. मी कोणासाठी उपाशी आहे, हे तिला सांगायची मला लाज वाटली असती.