रिकामा रकाना

लाईट गेलेली होती, म्हणून हरिबा विहिरीत उतरले होते. पाइपाच्या तोंडाशी शेवाळ धरलं की मोटर पाणी ओढत नाही. ते हातानंच काढावं लागतं. काठावर त्यांची मुलगी तेजश्री आणि बीडहून आलेले विजयसिंह उभे होते. विजयसिंहांची कंपनी मोबाइलवरून चालणारे मोटरचे स्टार्टर बनवते.

तेजश्री कॉलेज सुटल्यावर मेंढरांमागं फिरत प्रोग्रामिंग शिकली. आता मांजरसुंब्याजवळच्या वस्तीवरून ती एक लायब्ररी सांभाळते: मोटर चालू-बंद करणारं तयार सॉफ्टवेअर, जे चाळीसेक कारखानदार आपापल्या स्टार्टरमध्ये फुकट वापरतात. लाईट परत आल्यावर मोटरनं काय करायचं, याचा त्यात एक रकाना आहे. तो रिकामा सोडला, तर मोटर बंदच राहते.

"ते उलटं करा," विजयसिंह म्हणाले. "रिकामा असला की आपोआप चालू. गिऱ्हाईक ऑटोच मागतंय."

"मग तुमच्या प्रोग्राममध्ये ऑटो लिहा. एक शब्द आहे."

"बारा मॉडेलं हायेत, बाई. कोण उघडत बसणार? तुमी एका जागी बदललं की सगळीकडं बदलतं."

"बाकीच्यांचंही बदलतं, आणि त्यांना कळत नाही. साधी एररसुद्धा येत नाही."

"तेजे, पाव्हण्याला च्या दिला का?" विहिरीतून आवाज आला.

विजयसिंहांनी वाकून पाहिलं. "खाली कोण हाय?"

"आण्णा. स्टार्टर तुमचाच आहे. सांगा, काय बदलू?"

ते दोन पावलं मागं सरले. "जमत न्हाई तर दुसरा माणूस बघतो आमी."

"बघा."

हरिबा वर आले आणि तिनं नवी आवृत्ती काढली. २.९ नंतर थेट ३.०. पहिला आकडा बदलला की जुनं मोडू शकतं, हे या कामातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. बदल एकच: रिकामा रकाना चालणार नाही. ऑटो की बंद, हे लिहिल्याशिवाय प्रोग्राम तयारच होत नाही. म्हणजे रिकाम्याचा अर्थ उद्या कुणी गुपचूप उलटा करू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी गेवराईच्या रामहरी या कारखानदाराचा फोन आला. "ताई, तुमचं नवं घेतलं अन् सगळं अडलं की! कावून केलं असं?"

"अडावं म्हणूनच केलं. लाईट आली की मोटर आपोआप चालू करायची का, ते लिहा."

"ते मी कसं सांगू? विहिरीत उतरणारे लोक येगळे."

"मग त्यांना विचारा."

"लई हट्टी हाय तुमी." पण त्यानं फोन ठेवला नाही. दुकानात आलेल्या कुणाला तरी हाक मारली, "ओ बापू, विहिरीत उतरताना ऑटो बंद करता का?"

"ऑटो? कुठं असतंय ते?"

फोनमधून कीबोर्डचा खटखटाट ऐकू आला.

"बंद लिहितो, ताई," रामहरी म्हणाला.