मागचा पाण्यात असेपर्यंत

सावनेरकडच्या एका गावाहून परतत होतो. नाल्याचं पाणी रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, वाहत होतं आणि पलीकडे नागपूरची बस हॉर्नवर हॉर्न देत होती. माझ्यापुढची अनोळखी बाई लुगडं खोचून, डबा छातीशी धरून पार झाली. मी मात्र मध्यावर अडकलो. अख्खा रपटाच सरकतोय असं वाटायला लागलं.

"पान्याकडे नका पाहू भाऊ, माह्याकडे पाहा!" ती काठावरून ओरडली.

मी पाहिलं. तिनं नजर हलू दिली नाही. तिच्या पाठीमागून बस निघून गेली, तरी तिनं मान वळवली नाही.

"माझ्यापायी तुमची बस गेली," काठावर पोचल्यावर मी म्हणालो.

"मांगचा पान्यात असला का पाठ नाही फिरवत आमच्या इकडे." मग डब्याकडे पाहत म्हणाली, "पोरगी दवाखान्यात वाट पाहून राहिली."

तेवढ्यात नागपूरकडे जाणारी एक जीप आली. बाई चढली, सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली. मी पाय उचलला आणि सहज मागे पाहिलं. पलीकडून एक म्हातारा पाण्यात उतरत होता. मी पाय खाली घेतला आणि त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

जीपवाल्यानं हॉर्न दाबला.

"थांब गा," ती आतून म्हणाली, "त्याइचा मांगचा पान्यात हाये."