कर्ता अज्ञात

सुरतजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर काम करणारा तो खानदेशी गायक दर रविवारी दुपारी माझ्या घरी येई. मी लोकगीतांवर प्रबंध लिहीत होतो; त्याचंच पुढे पुस्तक झालं. प्रत्येक गाण्याआधी कानाची पाळी धरून ते कोणी रचलं हे तो सांगे. एकाही उस्तादाचं नाव विसरत नसे. स्वतःचं गाणं असलं की मात्र नुसता खाकरून सुरू करी. पुस्तकातली शेवटची नऊ गाणी त्याची आहेत, हे मला तेव्हाच माहीत होतं. पण अनाम परंपरा शोधून काढली म्हटलं की मान माझा होता. मी त्यांच्याखाली ‘कर्ता अज्ञात’ छापलं.

पुस्तक पाहून तो त्याच्या अहिराणीत हसत म्हणाला, “सर, मी ते जित्ता शे ना!” जिवंत तर तो होताच. मी चहा मागवला.

पुढे कोसाडला एका कार्यक्रमात तो त्यातलंच एक गाणं गात होता. पुढच्या रांगेतली एक विद्यार्थिनी माझं पुस्तक उघडून म्हणाली, “काका, दुसरी ओळ चुकली. पुस्तकात वेगळी आहे.” ती ओळ मी चुकीची उतरवली होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षाच्या खुर्चीत होतो. मग तो तिला म्हणाला, “बरं बेटा, पुस्तकात हाये तसं गातो,” आणि माझी चूक त्याने सुरात गायली.

टाळ्या झाल्या. नंतर माईक माझ्याकडे आला, आणि मी परंपरेवर वीस मिनिटं बोललो.