मागे न घेतलेला ठराव

“परदेशात राहणाऱ्या ज्येष्ठांनाही दिल्लीच्या बसमध्ये मोफत प्रवास मिळावा, हा ठराव एका सभासदाने आपल्या थोरल्या भावाच्या सोयीसाठी मांडला, परंतु भावानेच विरोध केल्यामुळे तो निमूटपणे मागे घेतला.” मयूर विहारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत हे छापले आहे. तो सभासद मी. आयुष्यात मी निमूटपणे काहीही केलेले नाही. तेव्हा हे वाक्य तसेच राहू देणे मला शक्य नाही.

सोयीचे म्हणाल, तर ती दादाला भरपूर होती. निवृत्तीनंतर तो मुलीकडे कॅनडाला गेला. दर हिवाळ्यात माझ्याकडे येई. कोपर्निकस मार्गावर जुन्या मित्रांना भेटायला जायचे म्हटले की मुलगी कॅनडातूनच त्याच्यासाठी टॅक्सी मागवी आणि तो पोहोचेपर्यंत फोनच्या नकाशावर गाडी पाहत बसे. ज्याने मला दिल्लीत आणले, ऐन उन्हाळ्यात, लूच्या गरम झळांमध्ये सचिवालयाच्या बसला लटकायला शिकवले, तो माणूस या शहरात पार्सलासारखा पोहोचवला जात होता. मंडळ सरकारकडे ज्येष्ठांसाठी मोफत बसप्रवासाची मागणी करणार होते. मसुद्यात मात्र “येथे राहणाऱ्या” असे शब्द घातले होते. ते शब्द काढा, एवढाच माझा ठराव. तिकीट दादाला कधीच जड नव्हते. हे शहर कुणाला आपला म्हातारा मानते, एवढेच मला विचारायचे होते.

सभेत खजिनदार हसले. “अरे यार, डॉलरवाल्यांना फुकट बस? उद्या विमानही मागाल!”

“डॉलर त्यांच्या पोरांकडे आहेत,” मी म्हणालो. “यांच्या खिशात पोरांनी दिलेला फोन आहे, बस्स.”

दादाने विरोध केला, हे खरे. तो ताडकन उठला. “गप्प बस रे! मला कुणाची दया नको. मी तिकीट काढीन.”

“शेजारच्या म्हाताऱ्याला मोफत प्रवास मिळाला तर तो हक्क, आणि तुला मिळाला की दया? तू काय इथे उपरा आहेस, दादा?”

तो खाली बसला. स्मरणिकाकारांना इथपर्यंतच आठवते. त्यानंतर अध्यक्षांनी मतदान पुकारले. मागे घेतलेल्या ठरावावर मतदान कोणत्या मंडळात होते, ते त्यांनी मला दाखवून द्यावे. चिटणीस खुर्च्यांमधून हात मोजत आले आणि दादापाशी थांबून अदबीने म्हणाले, “काका, आपण चहा घ्या ना. आपण तर आता पाहुणे. मतदान इथल्यांचं चाललंय.”

मंडळाच्या पहिल्या सभेला स्वतः सतरंज्या घालणारा आजीव सभासद तो. त्याने चहाचा कप खुर्चीखाली ठेवला.

ठराव पडला, हे मी मान्य करतो. पडणे वेगळे, मागे घेणे वेगळे. बाकी सारी सभा विरोधात होती. ठरावाच्या बाजूने दोन हात वर झाले, आणि त्यांतला दुसरा, चिटणिसांनी न मोजलेला, दादाचा होता.