दिवा लागला की सूर उतरतो

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर आमच्या आत्याने जेवणाचं निम्मं टेबल बळकावलं आणि त्यावर सिंथेसायझर बांधायला घेतला. निरनिराळ्या कामांचे छोटे डबे वायरींनी जोडायचे आणि त्यातून सूर काढायचे, असा तो उद्योग. उरलेल्या निम्म्या टेबलावर आतोबा मुकाट्याने जेवत. वर्षभरात त्यांना ऐकूच येईनासं झालं होतं.

आत्या "गॅस बंद करा" म्हणाली, तरी ते पेपरातून मान वर काढत नसत. "डॉक्टरकडे चला" तर त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. आत्या वरून करवादायची, पण आतून पार घाबरली होती. उमेदीत या माणसाने ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवली होती.

"ऐकू नाही तर नाही, त्यांना सूर दिसू तरी देत," असं म्हणून तिने प्रत्येक डब्यावर एलईडीचा दिवा बसवायला घेतला.

यात एक मेख असते. दिवा थेट सुराच्या वायरीवर जोडला, तर तो तिथलीच वीज ओढतो आणि सूर उतरतो. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालायचा. सुराने त्याला नुसतं खुणवायचं, दिव्याचं पोट सप्लायने भरायचं. आत्याला हे झोपेतही येतं. तरी एका डब्यात, दिवा लागतो का ते बघायला ट्रान्झिस्टरच्या जागी लावलेला वायरीचा तुकडा तिच्याकडून तसाच राहिला.

रविवारी तिने आतोबांना समोर बसवून सगळं सुरू केलं. खालच्या स्वरांना दिवा विझलेला, वरच्या स्वरांना लागलेला. मला तर छानच वाटलं.

आतोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वरचा सूर उतरतोय," ते म्हणाले. "अगदी जरासा. दिवा लागला की लगेच."

"काहीतरीच काय," म्हणत आत्याने डबा उघडला. आत तो तुकडा दिसला. तिने तो काढला, ट्रान्झिस्टर बसवला, डाग दिला, आणि त्यांच्याकडे पाठ करून पुटपुटली, "आता?"

"आता बरोबर," आतोबा म्हणाले.

आत्या गर्रकन वळली. आतोबांनी पेपर शोधायला सुरुवात केली.

आत्याला आधी रडू आलं, अगदी खरं. देवा, कान शाबूत आहेत यांचे, म्हणाली. मग डोळे पुसून ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं, आणि वर्षभर तुंबलेली कामं हलक्या आवाजात एकेक करून सांगू लागली.