जोई झोपणार कुठे

बरीच वर्षं बोटीवर काढून मी रत्नागिरीला परतलो, तेव्हापासून घरात परदेशातलं काहीही आलं की आधी माझ्यासमोर येतं. मी न अडखळता अर्थ सांगतो. चुकतो, तेही न अडखळता.

गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेलेल्या पुतणीचा मेसेज आला. 'काका, दिवाळीत आमच्याकडे जोई येतोय. बाबांना तूच सांग, मला लाज वाटते.' तिला आई नाही. नाजूक गोष्टी दादापर्यंत माझ्यामार्फतच जात.

जोई मला माहीत होता. बोटीवर माझ्या केबिनमध्ये गोव्याचा एक जोई होता, घोरायचा. मी दादाला ठामपणे सांगितलं, पोरीनं भाडेकरू ठेवलाय, गोव्याचा असणार, खोली एकच म्हणून लाजतेय.

रविवारी तिचा फोन आला. दादानं विचारलं, तो झोपणार कुठे?

"आमच्या दोघांच्या मध्ये, बाबा."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तिकडे जागेची अडचणच असते, अशा अर्थी.

"हे बघ गो," दादा म्हणाला, "आत्ताच काढून टाका त्याला. एकदा आला की जन्मभर हलायचा नाही."

फोन बंद झाला.

मग मला जावयाचा मेसेज. ती जेवत नाहीये, बाबा असं कसं बोलले? तेव्हा कुठे मी मोबाइलवर 'जोई' हा शब्द शोधला. कांगारूचं पिल्लू, कोआलाचंही. जुनं चांदीचं नाणं. सर्कशीतला विदूषक. बावळट माणूस. शेवटचे दोन अर्थ मी परत परत वाचले. पोरीनं लाडानं पहिला घेतला होता, हे आता कुणी सांगायला नको होतं.

आणि तरी मी गप्प राहिलो. दादा आंब्याच्या कलमांत फिरताना म्हणायचा, एका भाडेकरूपायी पोरगी बापाशी अबोला धरते. आजोबा व्हायची त्याला केवढी घाई, हे मला माहीत होतं. पण माझ्या इंग्रजीची अब्रू मला मोठी वाटली. हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटी पेट्या भरताना बोललो.

"दादा, तो भाडेकरू नाही. बाळ आहे."

हातातला आंबा त्यानं पेंढ्यात ठेवला. "गोव्याचं?"

"आपलं."

बराच वेळ तो पेंढाच सारखा करत राहिला. मग फोन लावला. तिकडून ती नुसती "हं" म्हणाली.

"राहू दे गो त्याला," दादा म्हणाला. "मध्येच झोपू दे."