चार दिवस न उपसलेली विहीर

अजूनही कोणी "परदेशी पाहुणे येणार, गावाचं भलं होणार" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आलेला पाहुणा बघितलाय मी!

तेव्हा मी कार्ल्याजवळच्या एका गावात नवी सून होते. परदेशी कारखाने आणायला सरकारनं महामंडळ काढलं होतं. त्यातला एक साहेब ऐन वैशाखात जीपनं आला आणि ओसरीवर बसून सासऱ्यांना म्हणाला, "आबा, गोरे पाहुणे जागा बघायला येतायत. पाणी दिसलं तर कारखाना इथंच, घरटी एक नोकरी. तेवढं चार दिवस विहिरीतून उपसू नका, म्हणजे ती भरलेली दिसेल."

गावात विहीर एकच, उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. तरी नोकरीचं नाव निघताच सासरे विरघळले. त्यांनी मला रहाटाचा दोर काढून आणायला सांगितलं आणि मीही मुकाट्यानं काढला. हे सांगताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चार दिवस आम्ही बाया उन्हातान्हात नदीवरून हंडे वाहत होतो. ठाकरवाडीतली मावशी पाण्याला आली, तिला मीच परत फिरवलं. ती भडकलीच. "आगं, भरली हीर परक्याला दावायची आसती व्हय? त्याला आवाडली तर घिऊन जाईल की! अक्कल गहाण टाकलीसा का समद्यांनी?"

"मावशी, तुमच्याच पोरांना काम मिळंल," असं मी तिलाच शहाणपण शिकवलं.

गोरा आला. विहिरीत वाकून बघितलं, खडा टाकला, डुबुक आवाज ऐकून हसला. साहेबानं कागदावर लिहिलं, 'पाणी बारमाही'. कसलं बारमाही, मेल्या! आमच्या माना मोडल्या तेव्हा ते चार दिवस साठलं होतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच कागदावर गावाची जमीन कारखान्याला गेली आणि विहीर तारेच्या कुंपणाआड गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी हंडा घेऊन फाटकाशी गेले. मागोमाग मावशीही आली. आतून खाकीतला रखवालदार पुढं आला, तो माझा सख्खा धाकटा दीर. घरटी एक म्हणाले होते ना, साऱ्या गावाला मिळाली ती ही एकच नोकरी, तीही आमचीच विहीर आमच्यापासून राखायची.

"वैनी, माघारी जावा. मला कामावरनं काडत्याल," तो खाली बघत म्हणाला.

मी त्याला नाही नाही ते बोलले. मावशीनं मात्र कुणालाच शिवी दिली नाही, मलासुद्धा नाही.

"चल पोरी," ती म्हणाली, "ऊन चढायच्या आदी नदीवरनं येऊ."